आईला बोल लावून दाढा वाचत नाहीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मुलांच्या दातांवरचा लेख वाचला. दात किडवणारे जिवाणू बाळाला आईच्या लाळेतून मिळतात, हे ठळक अक्षरांत छापलेत. शास्त्र खोटे नसणार, आम्ही कोण नाही म्हणणार? पण आमच्यासारख्या घरात बाळाचे पापे आजोबा घेतात, आत्या आपल्याच चमच्याने खीर चाटवते, शेजारच्या काकू भाकरी चावून भरवतात. लाळ सगळ्यांची, शीर्षकात नाव मात्र एकट्या आईचे! आमची सून ते वाचून दिवसभर तोंड पाडून होती.

शिवाय दात किडवणारा तो जिवाणू, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, तोंडात नुसता बसून काही करत नाही. त्याला साखर मिळाली की तो आम्ल तयार करतो आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कवच विरघळते. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या बाळाचे पुढचे दात आधी जातात, कारण झोपेत लाळ कमी सुटते. हे लेखात दोन ओळींत उरकले आहे. उसाच्या जिल्ह्यात साखरेबद्दल फार बोलू नये, असे काही आहे का?

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. नात सहा-साडेसहा वर्षांची असताना तिच्या खालच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. घराजवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी खुर्चीवरून न उठता बॅटरी मारली आणि म्हणाले, ‘आजी, दुधाची दाढ आहे. पडेल आणि नवी येईल.’ फी घेतली, आम्ही घरी आलो. ती दुधाची नव्हतीच! सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. आम्हाला लागला नाही, ठीक. पण दारावर पदवीची पाटी लावणाऱ्यांना?

पुढे एका रात्री पोर गाल धरून किंचाळत उठली. गाल सुजलेला, अंगात ताप. मिरजेला नेले तेव्हा कीड नसेपर्यंत पोचली होती. उपचार लांबले, शाळा बुडाली. डाव्या बाजूने चावता येईना म्हणून जेवण तुटले, वजन उतरले. तिथल्या बाईंनी दाढेला हात लावायच्या आधी विचारले, ‘हिला जन्मापासून हृदयाचा काही त्रास आहे का?’ मी चक्रावले. मग त्यांनीच सांगितले, की अशा मुलांच्या तोंडातले जिवाणू रक्तात उतरले तर हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होऊ शकतो. म्हणजे दात एवढा तोंडापुरता मामला नाही तर! आणि दुधाचाच दात असला तरी त्याच्या मुळाशी झालेला पू खालच्या कायमच्या दाताला इजा करू शकतो, दुधाची दाढ अकाली काढली तर शेजारचे दात तिच्या जागेत सरकतात, हेही तिथेच कळले. ‘पडणारच आहे’ हे काय उत्तर झाले?

शाळांतल्या मुलांची आरोग्य तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्यात तपासायच्या आजारांत दातांची कीड आहे. आपला बातमीदार एखाद्या वाडीवरच्या शाळेत पाठवून तिथे मुलांच्या दाढा कोण आणि कशा बघते, ते छापा की. शिबिराच्या फोटोत पाहुण्यांची नावे चार ओळी असतात, मुलांचे तोंड कुणी उघडले होते की नाही ते कळत नाही.

आणि हो, त्याच लेखाखाली अर्धे पान भरून मुलांची उंची वाढवणाऱ्या चॉकलेटी पावडरीची जाहिरात होती. जागा फार समर्पक निवडलीत, अभिनंदन.

– एक आजी, विश्रामबाग, सांगली

ता. क. रविवारची पुरवणी आमच्या गल्लीत पेपरबरोबर येतच नाही, बिलात मात्र येते. हा अंकही शेजारून मागून वाचला. त्याचेही बघावे.