बातमी शिकवायला निघालेल्या मित्रास

पुणे, २० जून

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तासिका तत्त्वावर का होईना, पत्रकारितेचा वर्ग तुझ्या वाट्याला आला, बरं झालं. तू जोडलेल्या अभ्यासक्रमात पहिले दोन आठवडे इतिहासाला दिलेत. ‘दर्पण’ १८३२चं, ‘केसरी’ १८८१चं, हे मुलं घरी वाचतील. तू पहिल्याच तासाला लिहायला लाव आणि त्याहून जास्त वेळा परत लिहायला लाव. या विषयातलं शिकवणं बहुतेक दुसऱ्या कॉपीवरच, म्हणजे परत लिहिलेल्या बातमीवरच, होतं.

आधी तपासण्याचा हिशेब कर. मुलं तीस. तीनशे शब्दांच्या कॉपीला दहा मिनिटं धरली तरी एका गठ्ठ्याला पाच तास जातात. तिसऱ्या गठ्ठ्यापासून तू नुसत्या बरोबरच्या खुणा करत सुटशील. म्हणून दीडशे शब्दांच्या वर काही मागू नकोस, म्हणजे गठ्ठा अडीच तासांत संपेल. वाक्य दुरुस्त करून देऊ नकोस, समासात फक्त खूण कर. ‘कोण?’ म्हणजे कर्ता गायब, ‘कशावरून?’ म्हणजे आधार नाही, नागमोडी रेघ म्हणजे हे वाक्य मोठ्याने वाचून बघ. कॉपी दोन दिवसांत परत यायला हवी, आणि गुण फक्त त्या दुसऱ्या कॉपीला. पहिलीवर गुण घातलेस की मुलं आकडा बघतात आणि कागद सॅकमध्ये कोंबतात.

सुरुवात प्रेसनोटपासून, म्हणजे संस्था पेपरांना पाठवतात त्या पत्रकापासून कर. तिच्यात हे वाक्य हमखास असतं: ‘पर्यावरण दिनाचे औचित्य साधून मान्यवरांच्या शुभहस्ते वृक्षारोपण करण्यात आले व कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ मुलं ‘शुभहस्ते’ खोडतात, ‘संपन्न’चं ‘पार पडला’ करतात आणि पेन खाली ठेवतात. भाषा जरा बरी होते, बातमी मात्र होत नाही. रोपं किती, कसली, कुठे लावली, खड्डे कुणी खणले, पाणी कोण घालणार, गेल्या वर्षीची किती जगली, यातलं काही नोटेत नसतंच. ‘करण्यात आले’ हा मराठी कॉपीतला सगळ्यात सोयीचा आडोसा आहे, करणारा त्याच्यामागे आरामात लपतो. वर्गात प्रत्येकाकडून पाच प्रश्न काढून घे आणि नोटेखाली ज्याचं नाव असतं त्या माणसाची भूमिका तू कर. मुलं फोन केल्यासारखं विचारतील, तू विचारलं तेवढंच सांगायचं. मग कॉपी समजा अशी येते: ‘तळजाईच्या उतारावर शनिवारी कडुलिंबाची ४० रोपं लावली. गेल्या वर्षी याच जागी लावलेल्या ६० पैकी २२ जगली आहेत.’ दुसरं वाक्य नोटेत नव्हतं, ते कुणीतरी विचारलं म्हणून आलं. फळ्यावर दोन्ही कॉप्या शेजारीशेजारी लिही.

नावांचा घोळ वेगळा. नोट इंग्रजीत असली की काळ्यांचे काले होतात आणि साठ्यांचे साथे. नियम एकच, समोरच्याच्याच हाताने त्याचं नाव आपल्या वहीत देवनागरीत लिहून घ्यायचं. फोनवर असेल तर अक्षर-अक्षर वाचून दाखवायचं.

आता आकडे. इथे वेळ काढ, कारण मराठी माध्यमाची काय आणि इंग्रजी माध्यमाची काय, बरीचशी मुलं दहावीनंतर गणिताला हात लावत नाहीत. सोपा सराव म्हणजे मंडई. चाळीस मिनिटं, वही-पेन, फोन खिशात, आणि दहा नोंदी अशा की प्रत्येकीत एक आकडा असलाच पाहिजे. ‘मंडई गजबजली होती’ असं लिहून आणणाऱ्याला परत पाठव. मग त्याच भाजीचा गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला घाऊक भाव पेपरातून काढायला सांग. तिथे फळभाज्यांचे भाव दहा किलोचे छापतात आणि पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. कंसातला ‘प्रति दहा किलो’ नजरेतून सुटतो आणि टोमॅटो दसपट महाग होऊन बसतो. ही चूक वर्गात झाली तर होऊ दे, ती पुन्हा होत नाही.

पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की तीसच्या तीस कॉप्यांत क्युसेक येणार. क्युसेक हा पाणी वाहण्याचा दर आहे, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. तेव्हा ‘प्रति सेकंद क्युसेक’ चूक आणि ‘दिवसभरात २५ हजार क्युसेक पाणी सोडले’ हेही चूक. टीएमसी हा साठा, शंभर कोटी घनफुटांचा. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग २४ तास चालला की एक टीएमसी पाणी जातं. हे फळ्यावर एकदा करून दाखव. खडकवासला धरणाची स्वतःची उपयुक्त क्षमता दोन टीएमसीच्याही किंचित खालीच आहे, हे मुलांना तेव्हा कळतं, आणि वरच्या पानशेत, वरसगाव, टेमघर धरणांचा हिशेब का घ्यावा लागतो तेही. टक्क्यांचंही तसंच: प्रमाण १० टक्क्यांवरून १५ वर गेलं तर वाढ पाच टक्क्यांची नाही, पन्नास टक्क्यांची. नाहीतर सरळ ‘१० वरून १५ टक्के झालं’ लिहावं, वाचकाला तेच समजतं.

मुलाखतीला तिघांचा गट कर. एक विचारतो, एक सांगतो, तिसरा सात मिनिटं घड्याळ लावून कोण किती बोललं ते टिपतो. पहिल्या वेळी विचारणाराच निम्मा वेळ खातो. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ या प्रश्नावर सरळ बंदी घाल. ‘तेव्हा किती वाजले होते?’, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असले प्रश्न माणसाला प्रसंगात परत नेतात. एका श्वासात दोन प्रश्न विचारले की उत्तर सोप्या प्रश्नाचं मिळतं. आवाज रेकॉर्ड करताना फोन फ्लाइट मोडवर, तोंडापासून वीतभर लांब, आणि शेवटी खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट घ्यायची, एडिटिंगच्या वेळी ती जोडायला लागते. पंखा बंद. ध्वनीचं इतकंच, बाकी मुलंच तुला शिकवतील.

कायद्याचा तास शेवटी ढकलला आहेस, तो चौथ्या आठवड्यात आण. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख छापायला मनाई आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि बालकांसाठी पॉक्सो कायद्याचं कलम २३. नाव टाळायचं हे मुलांना ठाऊक असतं. चूक वेगळ्या वाटेने होते: उपनगर, आठवीतली, वडील रिक्षाचालक, शाळेत कबड्डी खेळते. नाव कुठेच नाही, पण त्या गल्लीला कळायला एवढं पुरतं. अशी एक कॉपी मुद्दाम बनव आणि कुठले तपशील काढले की ओळख पुसते ते त्यांनाच शोधू दे. गुन्हा दाखल होणं आणि सिद्ध होणं यातला फरकही त्याच तासाला.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र पहिल्याच आठवड्यात टाकायला लाव. उत्तराची मुदत ३० दिवसांची, त्यामुळे उशीर केलास तर सत्र संपेल आणि उत्तर यायचंच असेल. शुल्क १० रुपये, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयावर, दीडशे शब्दांत, म्हणजे आपली नेहमीचीच मर्यादा. ‘आमच्या रस्त्यावर खड्डे का आहेत?’ असं विचारलं की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, कारण कार्यालयाने नोंदीत असलेलंच द्यायचं असतं. त्याऐवजी अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं आणि ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती मागायच्या.

चॅटबॉटने लिहिलेल्या कॉप्या येतीलच. ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ दिसलं की मान डोलव आणि वहीचं पान माग. प्रत्येक कॉपीला टिपणाच्या पानाचा फोटो जोडायचा, हा नियम पहिल्या दिवशीच सांग. मग आरोप करावा लागत नाही.

प्रेसनोटच्या बत्तीस झेरॉक्स काढ. दोन जास्तच लागतात. गुणदानाचा तक्ता तयार झाला की पाठव, नजर टाकतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू