एक्झोराला अंड्याची टरफलं घालू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत एक्झोरावर लेख आला, फोटो मस्त होता, पण पानं पिवळी पडली तर अंड्याची टरफलं अन् राख टाका असं जे छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो. नागपुरात हा सल्ला उलटा पडतो हो, झाड सुधरायचं सोडून जास्तच बिघडतं.

एक्झोरा, म्हणजे कोणी रुक्मिणी म्हणतं कोणी पेंडगुळ, मूळचा दक्षिण भारत अन् श्रीलंकेचा, कॉफीच्या कुळातला. कोकणात तो झकास येतो कारण तिकडची जांभ्याची लाल माती आम्ल, अन् पाऊस एवढा की चुना वाहूनच जातो. आपल्याकडे काळी माती, त्यात चुनखडी, पीएच ८ च्या आसपास म्हणजे आम्लाच्या अगदी उलट, वरून बोअरचं पाणी ज्यानं बादलीला पांढरा थर बसतो. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, अन् खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. ओळखायची खूण हीच, कारण नत्र कमी पडलं तर खालची पानं आधी पिवळी होतात. आता टरफलं म्हणजे निव्वळ चुना, राखही त्याच लायनीतली, म्हणजे दुखणं वाढवायचंच औषध झालं ना. काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांना विचारा, चुनखडीच्या जमिनीत संत्र्याचीही पानं अशीच होतात, त्यांना हे शिकवावं लागत नाही.

अन् एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या लेखकाला सुचणारच नाही, ती म्हणजे कूलर. मे महिन्यात टाकीत उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून घरोघरी कुंड्यांत ओततात. पण दिवसभर कूलर चालला की पाणी उडून जातं अन् क्षार टाकीतच राहतात, आधीच जड असलेलं पाणी अजून जड होतं, कूलरच्या ताटीवर, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळीवर, जो पांढरा कडक थर दिसतो तोच मग कुंडीत जातो. त्या पाण्यानं अंगण धुवा. एक्झोराला नळाचं द्या अन् पावसाळ्यात गच्चीवरचं ड्रमात धरून ठेवा.

इथं तो कुंडीतच लावलेला बरा. कोकोपीट अन् पालापाचोळ्याचं कुजलेलं खत भरपूर घ्या, काळी माती नाही घातली तरी चालते. चमचाभर गंधक पावडर मिसळा, पण तिचा असर दिसायला महिने लागतात. तोवर कृषी केंद्रातून हिराकस आणा, म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचाच क्षार, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, मातीत टाकून फायदा नाही कारण चुना त्याला लगेच बांधून टाकतो. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग पडले की निघत नाहीत अन् घरात बोलणी खावी लागतात. चिलेटेड आयर्न, म्हणजे दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेलं लोह, मातीत द्यायचं असेल तर पुडीवर ईडीडीएचए लिहिलंय का ते बघा, ईडीटीए स्वस्त मिळतं पण आपल्या मातीत टिकत नाही.

नव्या प्लास्टरच्या भिंतीला खेटून कुंडी ठेवू नका, तिथूनही चुना उतरतो. ऊन पाहिजे, त्याशिवाय फुलत नाही, पण एप्रिल-मे मध्ये दुपारी हिरवी नेट बांधाच. अन् कात्री जरा आवरा, तुरा नव्या फांदीच्या टोकाला येतो, दर पंधरा दिवसांनी चौकोनी कापत बसलं तर फूल कुठून येईल? पावसाच्या सुरुवातीला एकदा छाटा, त्याच फांद्यांची कलमंही लागतात.

पुढच्या रविवारी एवढी टरफलांची दुरुस्ती तरी चौकटीत छापा, जून तोंडावर आलाय, पहिला पाऊस पडला की लोक नर्सरीत धावतील.

एक वाचक,
मानेवाडा, नागपूर