गडग्यावरची खरड छाटणी

आदरणीय काका,

सा. न.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "ते असू दे गं, पाऊस कसाय तिकडे?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

आमच्या यॉर्कशरच्या घरापुढचा दगडी गडगा या एप्रिलपासून जांभळाजर्द झालाय. ऑब्रिएटा, म्हणजे गडग्यांवर पसरणारं ते जांभळ्या फुलांचं बुटकं झाड, अशी लोंबतेय की खालचे दगड दिसत नाहीत. तुम्ही मुलीकडे ब्रिस्टलला राहायला गेलात आणि नेमका हाच बहार तुमचा हुकला, याची हळहळ वाटते.

गेल्या वर्षी मे अखेरीस तुम्ही आलात तेव्हाचं तिचं रूप आठवतं? कडेला चार फुलं, मधोमध टक्कल, आणि लांबच लांब सुकट काड्या. फुलं कमी आली म्हणजे खत कमी पडलं, हे माझं द्राक्षवाल्या घरातलं गणित. त्यामुळे मी शेणखत घातलं होतं, वर रोज संध्याकाळी पाणी. तुम्ही चहाचा कप गडग्यावर ठेवलात, एक जुडगा हाताने उचललात आणि मला खालची काळी, ओली, कुजकी पानं दाखवलीत. "लाडाने मारते आहेस हिला," एवढंच म्हणालात. ग्रीस-तुर्कस्तानच्या खडकांच्या फटीतलं झाड हे. बर्फ सोसेल, पण हिवाळाभर पाय ओले राहिले तर टिकणार नाही. गडग्यात ती इतकी वर्षं जगली, कारण दगडांमधून पाणी निथळून जातं. माझ्या कृपेने तेही बंद होत आलं होतं.

मग तुम्ही गाडीतून कुंपण छाटायची ती मोठी कातर काढलीत. खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. अजून पाच-सहा फुलं होती की त्यावर! मी म्हटलं, "काका, थोडं थांबू या ना, ही तरी गळू देत." तुम्ही उलट मलाच विचारलंत, "तुझ्या बाबांकडे खरड छाटणी कधी असते?"

एप्रिलमध्ये. निफाडला आमच्या बागेत माल उतरला की काड्या एक-दोन डोळ्यांवर, म्हणजे कोंबांच्या गाठींवर आणतात, बाग भुंडी दिसते, आणि त्यानंतरच्या फुटव्यावर ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उभी राहते. हे मी लहानपणापासून पाहिलंय. म्हणजे पाहिलंय फक्त. कात्री छाटणीच्या टोळीच्या हातात, माझ्या हातात जेवणाचे डबे. द्राक्षबागायतदाराची मुलगी कात्री धरायला शिकली ती लीड्सजवळच्या एका गडग्यापाशी, तेही वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. बाबांना अजून हे पचलेलं नाही.

तुम्ही पहिला जुडगा स्वतः कापलात. डाव्या हाताने सगळ्या काड्या केसांसारख्या गोळा केल्यात, पिळा दिलात, आणि निम्म्याच्या वर कचाकच. मग कातर माझ्याकडे. "प्रत्येक काडीवर थोडी हिरवी पानं राहिली पाहिजेत. खालच्या उघड्या लाकडात शिरू नकोस, तिथून फूट येईलच असं नाही." कापलेल्या काड्यांवर बारीक शेंगा धरल्या होत्या, अगदी मोहरीसारख्या. त्यावर तुम्ही हसलात, कारण ही खरंच मोहरीच्या कुळातली. चार पाकळ्यांचं फूल बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं! शेंगा पोसण्यात तिची ताकद जाते, म्हणून फुलं सरत आली की लगेच कापायचं. शरदात किंवा वसंतात कातर लावली तर पुढचा बहारच कापला जातो.

नावाची गोष्टही तेव्हाचीच. क्लोद ओब्रिए हा पॅरिसच्या राजबागेतला चित्रकार. 1700 ते 1702 मध्ये तुर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर ग्रीस आणि तुर्कस्तान फिरून त्याने झाडांची चित्रं काढली. त्याचं नाव या झाडाला मिळालं. राजा नाही, सरदार नाही, चित्रं काढणारा माणूस, याचंच तुम्हाला अप्रूप. आणि इथल्या नर्सरीवाल्यांनी त्या बिचाऱ्याचं "ऑब्रिशिया" केलं म्हणून तुमचा राग. हे मी आता पाहुण्यांना माझंच ज्ञान असल्यासारखं ऐकवते.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर भुंडा गडगा बघून बाबा म्हणाले, "आता डोळ्यांना पेस्ट लावणार का?" द्राक्षाचे डोळे नीट फुटावेत म्हणून लावतात ती. नाही लावली. खत बंद केलं, पाणी बंद केलं, फटींत थोडी बारीक खडी भरली, बस. तीनेक आठवड्यांनी काड्यांच्या बगलेत राखाडी-हिरवे कोंब दिसले, तांदळाच्या कणीएवढे. तुम्ही कापलेल्यातले शेंडे वाळूमिश्रित मातीत खोचायला लावलेत, त्यांतले सात लागले. एक कुंडी तुमची. ब्रिस्टलला कोणी येत-जात असलं तर पाठवते.

या वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी कातर मीच चालवणार आहे. फक्त फाटकाशेजारचा तो जुना जुडगा आहे ना, त्याला बुंध्याकडे हिरवं जवळजवळ नाहीच. तो कापू, की काढून तिथे नवं रोप लावू? फोन करा. पावसाचं नंतर विचारा.

तुमची,
निफाडची पोर