वाईला जाण्याआधी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी "आजीला घेऊन वाईला? आणि गाडी तू चालवणार?" असं म्हणालो, तू "ठेवते" म्हणालीस आणि खरंच ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलतेय. तोंडाने बोलायला गेलो की माझं बिघडतं, म्हणून लिहितोय. गाडीबद्दल एक अक्षर काढणार नाही. वाईचा दिवस कसा आखायचा, तेवढंच सांगतो.

साडेसहाला निघा. नव्वदेक किलोमीटर आहे, पण आजी बरोबर आहे म्हणजे अडीच तास धर. शिरवळला चहा, मग खंबाटकी चढून सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा. घाटात पुढे एखादा कंटेनर रांगत असेल तर तूही रांग. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. (हे गाडीबद्दल झालं. राहवलं नाही.)

सुरूरपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वड असायचे. एसटीच्या खिडकीतून पारंबी धरायला मी हात बाहेर काढायचो आणि आजीची चापट बसायची. रुंदीकरणात त्यातले बरेच गेले. तिथे आजी गप्प होईल. तिला बोलतं करायला जाऊ नकोस.

आधी ढोल्या गणपती. पायऱ्या उन्हं चढायच्या आत झालेल्या बऱ्या, तिच्या गुडघ्यांना घाई चालत नाही. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ, मूर्ती एकाच दगडातली, हे सगळं ती सांगेलच. तू मात्र देवळाच्या मागे जाऊन ये. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, कृष्णेला पूर आला की लोंढा दोन्हीकडे फाकून जावा म्हणून. समोरून नमस्कार करून निघणाऱ्यांना हे दिसतच नाही. मी स्वतः चाळिशीत पहिल्यांदा पाहिलं, आणि माझं अर्धं लहानपण त्या घाटावर गेलंय! शेजारच्या काशीविश्वेश्वरापुढचा नंदीही बघ. त्याच्या गळ्यातल्या माळेचा दगडी मणी न् मणी मी बोटाने मोजलेला आहे. आकडा दर वेळी वेगळा यायचा.

मग आजी म्हणेल, मधल्या आळीतून जाऊ. जा. घर आता आपलं नाही, हे तिला ठाऊक आहे. फक्त दार वाजवू देऊ नकोस. मागच्या खेपेला काय झालं ते आत्याला विचार, मी लिहीत नाही.

खरं तर माघात जायला हवं होतं, कृष्णाबाईच्या उत्सवाला. एकेका घाटाची पाळी असते. आपल्या घाटाची पाळी आली की काकाआजोबा वाईतल्या मराठी विश्वकोशाच्या कचेरीतून अर्धा दिवस रजा टाकायचे. पहिला खंड १९७६ साली निघाला तेव्हा त्यांनी तो घरी आणून पाटावर ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. नंतर त्यात एक चुकलेली वेलांटी सापडली. दोन दिवस जेवले नाहीत. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाचं काळीज असलंच असतं. आपल्या घराण्यात ते थोडं जास्तच उतरलंय, तू मला हसतेस ते यामुळेच.

दुपारी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आतून बघायला मिळाला तर बघा, नाही तर घाट आहेच. तिथे एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा मराठ्यांनी चर्चमधून आणलेली. वर १७०७ साल कोरलंय. आजीला घाटावरच बसव, खाली पाण्यापर्यंत नेऊ नकोस. दशम्या तिथेच खा. जमलं तर पुढे धोमला कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. नाही जमलं तर राहू दे. पाचगणी मात्र नको. "इथवर आलोच आहोत तर" असं आत्या म्हणणार. तू पसरणी घाट चढायचा नाहीस. चारला वाई सोडायची म्हणजे सोडायची. डिसेंबरात सहाला अंधारतं.

बघ, पुन्हा तिथेच आलो. आता सांगूनच टाकतो.

येताना घाट लागत नाही, बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि वळणं. तू चार वर्षांची होतीस, मागे आजीच्या मांडीवर झोपलेली. आम्ही वाईहून उशिरा निघालो होतो. दोष सर्वस्वी माझा, मला दिवेलागणीला घाटावर बसायचं होतं. बोगद्यानंतरच्या उतारावर माझा डोळा लागला. किती वेळ, सांगता येणार नाही. जाग आली तेव्हा समोर ट्रकची मागची पाटी होती आणि माझा पाय ब्रेकवर उभा होता. गाडी तिरकी होऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. तू उठलीसुद्धा नाहीस. तुझ्या आईला मी कुत्रं आडवं आलं असं सांगितलं. आजपर्यंत तेच चालू आहे.

म्हणजे काल मी तुझ्यावर जो ओरडलो, तो तुझ्या गाडी चालवण्यावर नव्हता. चाचणीत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा गेलीस, चढावर हाफ क्लच जमेना तर पहाटे उठून टेकडीच्या रस्त्यावर एकटी घोटत राहिलीस. आत्या सांगते, तुझ्या शेजारी बसून तिला झोप लागते. माझ्या शेजारी ती कधी झोपली नाही. हे सगळ्यांना सांगत फिरतो, तुलाच सांगायचं राहिलं.

पण उतारावर गाडी गिअरमध्येच ठेव. आणि डोळ्यांवर जराशी झापड आली तरी बाजूला घे, आजीला काय वाटेल याचा विचार करू नकोस. उपदेश पुरे.

आईचा आशीर्वाद. तुझ्यावर ती रागावलेली नाही, माझ्यावर आहे.

तुझा,
बाबा

ता. क. फास्टॅगमध्ये पाचशे रुपये टाकलेत. आजीला मागे बसवून पट्टा लाव, ती नाही म्हणेल. आणि बोगद्याचं तिच्यापुढे काढू नकोस. त्या दिवशी गाडी थांबल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "शिरवळला चहा घेऊ या का रे?" तेव्हा कुत्र्याचं ती काही बोलली नाही, नंतरही कधी नाही.