कॉर्न स्नेकची जोडी लावताय? आधी अंड्यांचा डबा तयार आहे का बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पाळीव सापांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. रंग, मॉर्फ (म्हणजे रंग-नक्षीचे वेगवेगळे प्रकार) सगळं छान दिलंय, पण कॉर्न स्नेक या पाळीव सापाच्या ब्रीडिंगवर एकच ओळ, नर-मादी एकत्र सोडले की अंडी येतात. येतात हो, पण ती येणार कुठे ते कोण बघणार? बहुतेक जण पोट फुगलेलं दिसल्यावर धावपळ करतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

पहिलं म्हणजे मादीची घाई नको. दीड-दोन वर्षांची मादीसुद्धा अंड्यांवर येते आणि खरी गोची तिथेच आहे, कारण लहान मादीच्या पोटात अंडी अडकतात, मग व्हेट, इंजेक्शन, कधी ऑपरेशन, कधी मादीच जाते. 3 वर्षं आणि 300 ग्रॅमच्या वर वजन, त्याआधी जोडी लावूच नये असं माझं स्पष्ट मत.

मीलनानंतर साधारण महिनाभराने मादी कात टाकते आणि त्यानंतर 8 ते 14 दिवसांत अंडी. म्हणजे अंडी घालायचा डबा त्या कातीच्या आधीच टाकीत हवा. या दिवसांत ती खाणं सोडते, टाकीत येरझाऱ्या घालते, नाकाने कोपरे ढकलत बसते, लोकांना वाटतं आजारी पडली, पण ती जागा शोधत असते! नाहीच मिळाली तर सरळ पाण्याच्या भांड्यात अंडी घालते आणि ती बुडून वाया जातात, नाहीतर पोटातच धरून ठेवते.

डब्याचं काही अवघड नाही. मादी वेटोळं घालून आरामात मावेल असा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, फुगलेलं पोट अडणार नाही एवढं भोक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ. ओलं म्हणजे चिखल नाही, मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये.

आणि अंडी कोंबडीसारखी फिरवू नका प्लीज. आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटलेला असतो, उलटं केलं की मरू शकतो, म्हणून वर पेन्सिलने खूण करायची आणि एकमेकांना चिकटलेली अंडी तशीच राहू द्यायची. इन्क्युबेटर (अंडी उबवायची पेटी) 27 ते 29 डिग्री सेल्सिअसवर, साधारण दोन महिने, पण तो अंडी यायच्या आठवडाभर आधी रिकामा चालवून बघा, थर्मोस्टॅट नेमका ऐनवेळी दगा देतो.

पिल्लं डझन-दीड डझन निघू शकतात, प्रत्येकाला वेगळा डबा आणि पहिली कात टाकल्यावर पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, खायला. काही हट्टी पिल्लं आठवडेच्या आठवडे तोंड लावत नाहीत, त्यामुळे एवढी पिल्लं कोण घेणार हे जोडी लावायच्या आधीच ठरलेलं बरं.

या सगळ्यात मादीला विसरतात. अंडी घातल्यावर ती पार चिपाड झालेली असते, तेव्हा एकदम मोठा उंदीर न देता लहान लहान खाणं थोड्या थोड्या दिवसांनी द्या आणि वजन भरेपर्यंत नराला लांबच ठेवा.

आपला,
एक वाचक