नोकरी सोडण्याआधी

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

राजीनामा देऊन मुलांना गणित शिकवणारे ॲप काढण्याचा विचार तू फोनवर सांगितलास, तेव्हापासून तुझे बाबा काळजीत आहेत. माझे सारे आयुष्य हायस्कुलात गणित शिकवण्यात गेले असल्यामुळे मला मात्र त्याचा आनंदच झाला. बोलताना तू इंटरनेटवर मोफत शिकवणाऱ्या खान अकॅडमी या संस्थेच्या सल खान यांचा दाखला दिलास. त्यांनी चालती नोकरी सोडली, हे तुझ्या मनावर ठसलेले दिसते. पण त्याआधीची पाच वर्षे मला अधिक मोलाची वाटतात, म्हणून त्यांविषयी सविस्तर लिहिते.

खान यांचा जन्म 1976 साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, बंगाली वंशाच्या कुटुंबात झाला. अमेरिकेतल्याच एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांत शिकून ते बॉस्टनमध्ये एका हेज फंडात, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपनीत, विश्लेषक झाले. 2004 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे राहणारी त्यांची नात्यातली बहीण नादिया गणिताच्या चाचणीत मागे पडली. पोर हुशार होती. अडत होते ते फक्त एककांच्या रूपांतरात. त्या एका अडणुकीमुळे तिला पुढे गणिताच्या खालच्या तुकडीत बसावे लागणार होते. खान नोकरी सांभाळून तिला फोनवरून आणि संगणकावरच्या सामायिक फळ्यावरून शिकवू लागले. हळूहळू इतर भावंडेही शिकायला आली, तेव्हा कोणाचे नेमके कुठे चुकते हे कळावे म्हणून त्यांनी सरावाची गणिते देणारी छोटी प्रणाली स्वतः लिहिली. व्हिडिओ आले ते त्यानंतर, 2006 मध्ये, तेही एका मित्राने सुचवले म्हणून. काळी पाटी, रंगीत अक्षरे आणि शेजारी बसून समजावल्यासारखा आवाज, एवढेच त्यात असे. शिकवणाऱ्याचा चेहरा दिसत नसे.

हा क्रम तू नीट लक्षात घे. आधी अडलेले मूल होते, मग सराव आणि त्यानंतर व्हिडिओ. आज पुष्कळ जण जाहिरातीपासून सुरुवात करतात आणि मूल शेवटी शोधतात. आपल्याच गल्लीतल्या एका घरात मुलाच्या टॅबवरच्या अभ्यासक्रमासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, आणि त्या मुलाने तो टॅब कित्येक महिन्यांत उघडलेला नाही.

2008 मध्ये खान यांनी संस्था नोंदवली ती ना-नफा तत्त्वावर, आणि 2009 मध्ये नोकरी सोडली. घरात लहान मूल होते आणि साठवलेला पैसा झपाट्याने संपत होता. 2010 मध्ये ॲन डोअर या दानशूर बाईंनी मोठी देणगी दिली. त्याच वर्षी गेट्स फाउंडेशन आणि गूगल यांचे अनुदान मिळाले. गूगलची रक्कम 20 लाख डॉलर होती. मदत येईल याची खात्री नसताना त्यांनी काढलेले ते महिने तू विसरू नकोस; तुझ्याजवळ किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवलेला असावा, असे मला यासाठीच वाटते.

त्यांचा मला सर्वांत पटलेला आग्रह असा की, एक पायरी पक्की झाल्याशिवाय मुलाला पुढच्या पायरीवर ढकलू नये. वर्गात साठ गुण मिळवणारा मुलगा उरलेले चाळीस गुणांचे अज्ञान घेऊनच पुढच्या धड्यात शिरतो आणि नववीत बीजगणित आले की कोलमडतो. त्याचे मूळ बहुतेक वेळा पाचवीच्या अपूर्णांकांत असते. 2023 मध्ये त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा खानमिगो हा साहाय्यक आणला, तोही उत्तर हातात न देता मुलाला उलट प्रश्न विचारतो. तुझे ॲप पटकन उत्तर दाखवणारे असेल, तर ते कितीही देखणे असो, मला पसंत पडणार नाही.

तू ना-नफा संस्थाच काढावीस, असा माझा हट्ट नाही. शिकवणाऱ्याने पोट भरावे, यात काही गैर नाही. मात्र राजीनामा देण्याआधी शेजारच्या काकूंच्या सातवीतल्या नातीला शिकव. तिला लसावि काढता येतो, पण भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज आली की ती अंश आणि छेद दोन्ही सरळ मिळवून टाकते. मी काकूंशी बोलले आहे. रविवारी संध्याकाळी सहा वाजता ती आपल्याकडे येईल, तेव्हा व्हिडिओ कॉल लाव. तिची वही मी समोर धरीन. शिकवायचे मात्र तू.

तुझी,
आई