आजीचा एकच चेहरा

लातूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद,

तू कॉलेजसाठी केलेला चित्रपट-संकलनावरचा व्हिडिओ आधी मोबाईलवर आणि मग आवाज नीट ऐकू यावा म्हणून टीव्हीला जोडून पाहिला. सुरुवातीचा शॉट, सीन, मॅच कट यांच्या व्याख्यांचा भाग परीक्षेतल्या उत्तरासारखा झाला आहे. गिरणीचा प्रसंग मात्र मनापासून आवडला. आजी परातीत ज्वारी निवडते आहे, तिची बोटे अजून खड्यांवरच आहेत आणि तेवढ्यात पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू येऊ लागते. गिरणी दिसते ती त्यानंतर. पुढच्या दृश्याचा आवाज असा आधी आणण्याला जे-कट म्हणतात, ही पाटी तू लावली नसतीस तरी चालले असते. चहाच्या टपरीवर बोलणाऱ्या दोघांचा कॅमेरा मुद्दाम १८० अंशांच्या रेषेपलीकडे, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या दुसऱ्या बाजूला नेलास, तेव्हा दोघेही एकाच दिशेला बघत तिसऱ्याच कोणाशी बोलत आहेत असे वाटले, आणि तो नियम कशासाठी आहे हे मला त्यामुळेच कळले.

खरे लिहायचे आहे ते रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्ह यांच्या प्रयोगाबद्दल. मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडला आणि प्रेक्षकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या, हे तू नीट सांगितलेस. फक्त त्यातल्या एका चित्रातल्या शवपेटीत लहान मुलगी होती असे ठामपणे म्हणू नकोस, कारण कुलेशॉव्ह यांचे शिष्य, दिग्दर्शक पुडोव्हकिन यांच्या वर्णनात शवपेटीत स्त्री आहे आणि मुलगी खेळण्याशी खेळताना दिसते. तू तोच प्रयोग बाजेवर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर केलास आणि त्यापुढे गरम भाकरी, पाळणा आणि भेगाळलेले रान जोडलेस. तो शॉट घेतला तेव्हा मी तिथेच होतो. आजी समोरच्या टीव्हीवर मालिका बघत होती हे पक्के माहीत असूनही, रान दिसल्यावर मला तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसलेच.

तिथेच मी अडखळलो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा आपल्या गल्लीतले एक काका टँकरची वाट बघत, उन्हाने डोळे बारीक करून उभे होते. एका बातमीत त्यांच्या चेहऱ्यापुढे कोरडी विहीर जोडली आणि काका रडवेले झाले. दुष्काळ खरा होता, घागरींच्या रांगा खऱ्या होत्या, पण ते रडणे काकांचे नव्हते. त्यांना आधी हसू आले आणि मग राग आला. तुझ्या व्हिडिओत या जोडणीला तू ‘संकलनाची जादू’ म्हणून पुढे निघून जातेस, ते मला पटले नाही. ज्या जोडणीने नटाचा चेहरा बोलका होतो, तिनेच काकांच्या तोंडी नसलेली गोष्ट घातली, हे त्याच ठिकाणी सांगायला हवे होते.

शिवाय रानाच्या शॉटखाली तू करुण सुरावट वाजवलीस आणि पडद्यावर ‘दुःख’ असेही लिहिलेस. मग मला जे वाटले ते जोडणीमुळे, संगीतामुळे की त्या अक्षरांमुळे, हे कोणी कसे ओळखायचे? तिन्ही जोड्यांना एकच शांतता ठेव आणि पाट्या काढून टाक. प्रयोग खरा असेल तर तसाही उतरेल. त्यानंतर आजीचा मूळ शॉट मालिकेच्या आवाजासकट, ती ‘झालं का गं?’ म्हणून विचारते तिथपर्यंत, न कापता दाखव. मार्क देणाऱ्या सरांना तो लांब वाटेल कदाचित, वाटू दे.

आजीला अजून काही दाखवलेले नाही. सुट्टीला येशील तेव्हा तूच दाखव, आणि तिच्यापुढे भेगाळलेले रान का जोडलेस तेही तूच सांग. तिला ते नको वाटले तर दुसरा चेहरा शोधावा लागेल, म्हणून शेवटची प्रत त्याआधी जमा करू नकोस.

तुझे
अण्णा